तीन खुणा, दोन सह्या

मार्गासनी, ता. वेल्हे
४ मार्च २०२५

चि. सुलक्षणा हिला गेनूतात्याचा सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. तुला फोन लावला की ती आतली बाई दर वेळी सांगते, समोरची व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे. मी आपला काळजीत, की ही पोरगी दिवसभर बोलते तरी कुणाशी. शेवटी आकाशला विचारलं तर तो हसला. म्हणाला, "तात्या, वहिनीनं आपल्या घरातले समदे नंबर ब्लॉक केलेत." मग म्हटलं, पोस्टाला कुणी ब्लॉक करत नाही, अजून तरी.

माझ्या नातीचे, रश्मीचे बारावीचे पेपर चालू असतील. तिला म्हणावं, येतंय ते आधी लिही, येत नाही त्याच्याशी मागून भांड. मी सातवीपुढं शाळेचं तोंड बघितलं नाही, पण विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करताना जन्मभर हेच केलं. जो नट ढिला आहे तो आधी.

आता कामाचं. आपला प्रशिक गेला त्याला वर्ष उलटलं. तो तुझा नवरा, माझा पुतण्या, पण मला मूलबाळ नसल्यामुळं माझ्याच खांद्यावर वाढलेला. रक्ताचा आजार कळल्यावर त्यानं साठवलेले बिटकॉइन तिघांच्या नावानं कुलूपबंद करून ठेवले, तुझ्या, त्याच्या भावाच्या म्हणजे आकाशच्या, आणि माझ्या. तिघांना एकेक पितळी तांब्या दिला, तळाला इंग्रजी शब्द कोरून. ज्याचे शब्द त्याची सही. नसरापूरच्या बाजारातला भांड्यांवर नावं घालणारा विचारत होता, "ही कुठली पावणे मंडळी? खाली 'यांजकडून सप्रेम भेट' घालू का?" अंगात ताकद नव्हती तरी प्रशिक किती हसला होता.

तिघांपैकी कुणीही दोघं एक झाले की कुलूप उघडेल, असं त्यानं आपल्याला सांगितलं. मला वेगळं म्हणाला, "तात्या, तुमी मधी हाय म्हणून मला झोप लागंल." ते मी विसरलेलो नाही.

तर इथं आकाशचं म्हणणं पडलं, की ती कुलपातली जागा रिकामी दिसते. भामावहिनी तर बोलून मोकळ्या झाल्या, की जाताना सुनेनं तेही नेलं. मी म्हणालो, "पोर तसली न्हाई." तरी तुझ्या हातचं एक अक्षर आलं तर माझ्या बोलण्याला जोर येईल. पैसा जागेवर आहे का? तुला काही कळतं का?

बाकी मी आहे तसा आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही.

तुझा
गेनूतात्या


भोंगवली, ता. भोर
१३ मार्च २०२५

ती. तात्यांना सुलक्षणाचा जयभीम.

पत्र मिळालं. रश्मीचे पेपर बरे गेले.

जागा रिकामी दिसते असं तुम्ही लिहिलंत. कुणी उघडायला बसल्याशिवाय ती रिकामी दिसत नाही. आणि उघडायला दोघं लागतात. एक आकाशभाऊजी. दुसरे कोण, ते मी विचारत नाही.

पैसा जागेवर आहे. यांनी त्या कुलपाचा पत्ता माझ्या मोबाईलमध्ये घालून ठेवला होता. त्यावरून नुसतं बघता येतं, हात लावता येत नाही. कामावर जाताना रोज बघते. मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरते मी, हे तुम्हाला कुणी सांगितलं असेल किंवा नसेल.

तुम्हाला रिकामं का दिसलं ते सांगते. यांनी अंथरुणात पडल्या पडल्या मला हे परत परत समजावलं होतं. कुलपावर अट लिहिलेली नसते. अटीचा फक्त ठसा असतो, अंगठ्याच्या ठशासारखा. ठशावरून माणूस ओळखता येत नाही, पण माणूस समोर उभा केला की ताडून बघता येतं. पैसा खर्चायचा तर सह्या आणायच्याच, शिवाय ती मूळ अटही जशीच्या तशी पुढे ठेवायची. मशीन आधी त्या अटीचा ठसा काढून कुलपावरच्या ठशाशी लावून बघते. जुळला नाही तर तिथंच संपलं. जुळला तर मग अट वाचते, सह्या आणि खुणा ताटांची चळत रचावी तशा रचते, वरून एकेक उचलून सही खुणेशी ताडते. शेवटी चळतीवर 'खरं' एवढंच उरलं तर पैसा हलतो. आणि हे एक मशीन करत नाही. जगभरातली हजारो मशीनं करतात, प्रत्येक आपलं आपण. दुसऱ्याच्या शब्दावर कुणी विसंबत नाही.

आता त्या अटीत आहे काय? तिघांच्या तीन खुणा, आणि त्यातल्या दोघांच्या सह्या हव्यात एवढं वाक्य. सह्या दोघांच्या चालतात. खुणा मात्र तिन्ही लागतात. माझी खूण माझ्या शब्दांतून निघते, ती तुमच्याकडे नाही. म्हणून भाऊजींनी तिसऱ्या जागी भलतंच काही तरी घातलं असणार. मग जे तयार झालं ते वेगळंच कुलूप, तुमचं तुम्हीच केलेलं. त्यात कधी कुणी पैसा ठेवलाच नव्हता. रिकामं दिसणार नाही तर काय दिसणार?

म्हणजे मला वगळायलासुद्धा माझीच खूण हवी.

सासूबाईंना सांगा, सुनेनं काही नेलं नाही. नेण्यासारखं त्यांनी तिच्या हाती ठेवलंच नव्हतं.

सुलक्षणा


मार्गासनी
२४ मार्च २०२५

चि. सुलक्षणाला सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी एसटीच्या थांब्यावर बसून वाचलं. घरात वाचवेना.

दुसरा मीच. तुला ते कळलेलं आहेच, तर आता झालं कसं तेही वाच. आकाशनं कॉटवर लॅपटॉप मांडला. तो प्रशिकचाच, पण आतलं सगळं पुसून याच्या कामासाठी कोरा करून घेतलेला. त्यात ती अट होती हे आता तुझ्या पत्रावरून ध्यानात येतं. तेव्हा मला काय ठाऊक. मी म्हणालो, "तिसरीला इचारायला नगं का?" तर आकाश म्हणतो, "दादा काय बोललावता? दोगं पुरे. आपुन दोगं न्हाई का? आन् वहिनी आता आपली ऱ्हायलीय कुठं?" भामावहिनी चुलीपासून म्हणाल्या, "भावजी, घरातलं घरात ऱ्हाऊ द्या. तुमचं चहापानी बघणारं ह्येच घर हाय."

ते शेवटचं मला लागलं, खोटं कशाला सांगू. पण मी काही चहासाठी तांब्या उलटा केला नाही. मला वाटलं, उघडू तर दे. उघडल्यावर वाटणीला मी बसतोच आहे, रश्मीचं आधी बाजूला काढीन. माझ्या तांब्याच्या तळाचे शब्द मी वाचून दाखवायला लागलो, तर चष्म्यातून धड दिसेनात. मग आकाशनं तळाचा फोटोच काढून घेतला. मोठा करून वाचता येतो म्हणाला.

तू म्हणशील, एवढं मनात होतं तर आधी कळवलं का नाही. मला भरलं ताट घेऊन तुझ्या दारात यायचं होतं, बाळ. रिकाम्या हातानं यायला लाज वाटली.

आता आकाशचं म्हणणं असं, की तू फक्त तुझी खूण पाठव. खूण काही गुप्त नसते, तेवढ्यानं कुणी तुझं काही नेऊ शकत नाही, आणि सहीसाठी तुला त्रासही नाही. तो मनाचा वाईट नाही. त्याला नसरापूरला मोबाईलचं दुकान टाकायचंय, म्हणून घाई. रश्मीचा वाटा ठेवीन म्हणतो. मी त्याला विचारलं, "नक्की?" तर म्हणाला, "तात्या, तुमच्या डोक्यावर हात ठिऊन सांगू का?" ठेवलासुद्धा.

तेवढी खूण कळव. बाकी माझ्यावर सोड.

गेनूतात्या


भोंगवली
५ एप्रिल २०२५

ती. तात्या,

खूण मी देऊ शकत नाही. देणार नाही असं नाही. माझ्याकडे ती नाहीच.

मी निघाले त्या दिवशी तुम्ही गुडघ्यासाठी दवाखान्यात गेला होता. सासूबाईंनी दारातच माझी पिशवी उघडायला लावली. भांडी एकेक बाहेर काढली आणि भाऊजींकडून नावं वाचून घेतली. माझ्या माहेरची तेवढी परत पिशवीत. तांब्याच्या काठाखाली यांचं नाव होतं. "माझ्या लेकाच्या नावाचं भांडं ह्या उंबऱ्याभाईर जायाचं न्हाई." मी म्हणाले, आत्या, तळाला माझे शब्द आहेत. तर म्हणाल्या, "मग शब्द घिऊन जा. भांडं ठेव." ते मला पाठ नव्हते. लिहून घ्यायला कागद मागितला तर भाऊजी म्हणाले, रिक्षा खोळंबलीय.

तेव्हा आपण काय ठेवून घेतोय हे त्यांना कळलं नव्हतं. अजूनही कळलेलं नसणार, नाही तर तुम्हाला हे पत्र लिहायला लावलं नसतं. माझी खूण तुमच्याच घरात आहे. हे तुम्हाला सांगते आहे म्हणजे काय करते आहे, ते मला समजतं. तुमच्या शब्दांचा फोटो भाऊजींकडे आहे. त्यांचे स्वतःचे आहेतच. माझ्या तांब्याचा तळ एकदा नजरेला पडला की त्यांना ना तुमची गरज, ना माझी.

तेव्हा एक करा. तो तांब्या फडक्यात गुंडाळा, तुमचाही घ्या, आणि एसटीनं इकडं या. भाऊजींची खूण तेवढी त्यांच्याकडून मागून आणा. खूण गुप्त नसते हे त्यांचंच म्हणणं आहे. यांच्याबरोबर कामाला होत्या त्या प्रेरणाताई पुण्याहून येऊन शेजारी बसतील. सह्या तुमची आणि माझी. वाटणी तुम्ही सांगाल ती. भाऊजींना निम्मं दिलंत तरी मी तोंड उघडणार नाही. रश्मीला नर्सिंगला जायचंय, जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. तेवढं निभलं तर मला बाकी काही नको. इथं भावाच्या घरात आम्ही दोघी किती दिवस राहणार, हे भावजय विचारत नाही, पण भाकरी थापताना मोजते.

घरात कुणाला बोलू नका. एवढं ऐका.

सुलक्षणा


मार्गासनी
९ मे २०२५

चि. सुलक्षणाला सप्रेम जयभीम. रश्मी पास झाली हे भोरच्या बाजारात तुझ्या भावाकडून कळलं. मी दुकानात उभ्या उभ्या पेढा खाल्ला आणि पाव किलो बांधूनही घेतले, पण ते घरापर्यंत आले नाहीत. वाटेत जो भेटला त्याला दिले.

उत्तराला उशीर झाला, तू वाट बघून थकली असशील. तांब्या सापडला. सापडला म्हणजे काय, रोज डोळ्यांसमोर होता. प्रशिकच्या फोटोपुढं जो तांब्या भरून ठेवतात तोच तुझा. भामावहिनी सकाळी उठल्या की शिळं पाणी झाडाला घालतात, ताजं भरतात आणि फोटोला म्हणतात, "घे रं, पानी पी." तू गेल्यापासून एक दिवस चुकलेला नाही.

मी त्याच्यापुढं किती वेळा उभा राहिलो. फडकंही खिशात होतं. पण हात उचलेना, पोरी. लोकांच्या मोटारी उघडल्या, पण कुणाचा साधा वायसर खिशात घातला नाही. आणि घरातून त्या माउलीच्या पुढ्यातलं भांडं उचलून एसटीत बसायचं? बरं, मी नेलं तरी बोल तुझ्यावरच येणार. सुनेनं म्हाताऱ्याकडून चोरून मागवलं, असं दहा गावांत होईल, आणि रश्मीच्या लग्नापर्यंत ते कुणी विसरणार नाही. तुझ्या लेकीचं आहे ते तुला मान वर करून मिळावं, असं मला वाटतं.

म्हणून मी दुसरं ठरवलं. सोमवारी बुद्धपौर्णिमा. सकाळी वंदना झाली की सगळी भावकी विहारात असते. तिथंच चार जाणत्यांना बसवतो, तांब्या मध्ये ठेवतो, आणि आकाशकडून सगळ्यांसमोर शब्द घेतो. अर्धं रश्मीचं. बंद खोलीत फिरला असता, पण भरल्या विहारात शब्द दिल्यावर कसा फिरेल? आपल्याकडं अजून कुणी फिरलेलं मी बघितलं नाही.

फोन तुझा लागत नाही, आणि लागला तरी त्यावर हे बोलण्यासारखं नाही. पत्र उद्या परवा मिळेलच. तू रश्मीला घेऊन ये. खीर आहे.

गेनूतात्या


मार्गासनी
१३ मे २०२५

चि. सुलक्षणाला सप्रेम जयभीम.

तू आली नाहीस. खीर निवेपर्यंत मी रस्त्याकडं बघत होतो. पण रागावत नाही, कारण सांगायचं आहे ते चांगलं आहे.

बैठक फार छान झाली. मी उभं राहून सगळं मांडलं, प्रशिकनं काय ठरवलं होतं आणि कुणाचं काय आहे ते. आकाश आधी माझ्याकडं बघतच राहिला. "तात्या, हे घरात बोलला असता तरी चाललं असतं की," म्हणाला. मी म्हणालो, "घरात बोललो असतो तर चार भिंतींनी ऐकलं असतं. भिंतींची साक्ष कोण काढतंय?" सगळे हसले. तोही हसला. मग जाणत्यांतले कुंडलिकबापू म्हणाले, "आकाश, तू सांग रं आता." तर त्यानं तांब्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "रश्मी माझीच लेक हाय. अर्दं तिचं. म्या दिला शबुद." बायकांनी डोळ्याला पदर लावले. भामावहिनीसुद्धा हुंदका देऊन म्हणाल्या, "येऊ द्या पोरीला. माझ्या लेकाचं रगत हाय." एवढं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

तांब्या हातोहात फिरला. प्रत्येकाला तळाची ती इंग्रजी अक्षरं बघायची होती. आकाशनं सगळ्यांचा मिळून एक फोटो काढला. तळाचाही काढला, अक्षर पुसट व्हायला लागलंय म्हणाला, कामाला येईल. इतकी काळजी घेतो म्हटल्यावर माझं मन निवांत झालं.

येत्या रविवारी तो, मी आणि तू बसून कुलूप उघडायचं ठरलं. तुझ्या त्या पुण्याच्या प्रेरणाताई आल्या तरी चालतील, असं तो स्वतःहून म्हणाला. कालपासून पुण्यालाच गेलाय, दुकानाचं सामान बघायला.

प्रशिकनं मला मधे का ठेवलं होतं ते मला काल समजलं. रविवारची तयारी ठेव.

तुझा
गेनूतात्या


भोंगवली
१७ मे २०२५

ती. तात्या,

तुमची दोन्ही पत्रं काल एकदमच हातात पडली. आधी बोलावणं वाचलं, मग बैठक.

पण मला मंगळवारीच कळलं होतं. कामावर जाताना मोबाईल बघितला तर कुलूप उघडलेलं, आत काही नाही. वेळ सोमवारी दुपारची होती. तुम्ही तेव्हा रस्त्याकडं बघत असाल.

मी प्रेरणाताईंना फोन केला. त्यांनी तो व्यवहार उघडून मला वाचून दाखवला. कुलपावर नुसता ठसा असतो, पण एकदा खर्च झाला की मूळ अट सगळ्या जगापुढं उघडी पडते आणि कायमची तशीच राहते, पुसायची सोय नाही. तीन खुणा आहेत. यांनी मला सांगितलेल्या क्रमानं, पहिली माझी, दुसरी भाऊजींची, तिसरी तुमची. माझ्या खुणेशी जुळणारी सही नाही. दुसरीची आहे, तिसरीची आहे. दोन्ही बरोबर. ठसा जुळला, सह्या जुळल्या, कुठल्याच मशीननं हरकत घेतली नाही.

तळाचा फोटो मिळाल्यावर भाऊजी माझी सहीसुद्धा करू शकले असते. तसं केलं नाही. कशाला करतील, तुमची त्यांच्याकडं मार्चपासून होती.

ती सही मी केलेली नाही, असं तुम्ही लिहाल. खरंच आहे. मशीनला ते कळत नाही. तात्या, मलाही आता कळत नाही.

प्रेरणाताई म्हणतात पोलिसात जा. जाऊन सांगू काय? भाऊजींनी शब्द दिला याला अख्खा विहार साक्षीला आहे. फोटो काढला यालाही आहे. कुणी त्यांना अडवलं याला मात्र एकही नाही, कारण कुणी अडवलंच नाही. त्या फोटोत तुम्हीही हसताना असाल.

तुम्ही वाईट नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही वाईट असता तर मी तांब्याचं सांगितलं नसतं आणि पैसा आज जागेवर असता. घरात बोलू नका, एवढं एकच मागितलं होतं. तुम्हाला माझं भलं करायचं होतं, पण चार लोकांच्या देखत करायचं होतं.

रश्मीला सगळं सांगितलं. तिनं बाकी काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, "आजोबांची सही आहे का त्यात?" मी हो म्हणाले. मग तिनं नर्सिंगच्या कॉलेजांची माहितीपत्रकं आणली होती ती रद्दीत ठेवली. फाडली नाहीत, नीट घडी घालून ठेवली.

येत्या सोमवारपासून ती माझ्याबरोबर कारखान्यात येईल. मालकांनी वय बघायला आधार कार्ड मागितलं होतं. मी दाखवलं. अठरा पूर्ण आहेत, चालेल म्हणाले.

सुलक्षणा